घरच्या सर्व्हरची डिस्क कधी थांबवावी?

फिरत्या तबकड्यांची साडेतीन इंची हार्ड डिस्क काहीही काम नसताना साधारण चार ते सहा वॉट वीज घेते. तबकड्या थांबल्या की हा आकडा एक वॉटच्या आसपास येतो. पाच वॉट खाणारी एक डिस्क वर्षभर अखंड फिरली तर जवळपास ४४ युनिट होतात. घरी जुन्या संगणकावर लिनक्स टाकून फोटो आणि बॅकअप ठेवले असतील, आत अशा चार डिस्क असतील आणि त्या रात्री दोन-तीन तासच लागत असतील, तर त्या थांबवायलाच हव्यात. पण बहुतेक जण सुरुवातच टायमर लावण्यापासून करतात. माझ्या मते ते काम शेवटी करायचे आहे.

आधी हिशेब पाहा. थांबलेली डिस्क पुन्हा फिरवताना १२ व्होल्टच्या तारेतून दोन अँपिअरपर्यंत प्रवाह जातो, म्हणजे वीसेक वॉट, आणि वेग घ्यायला दहाएक सेकंद लागतात. खर्च झाला २०० ज्यूल. थांबल्यावर सेकंदाला चार ज्यूल वाचतात, म्हणजे पन्नास सेकंदांत भरपाई होते. एवढ्यावरून एक मिनिटाचा टायमरही परवडेल असे वाटते. पण खरा प्रश्न झिजेचा आहे. अनेक डिस्कच्या माहितीपत्रकात सुरू-बंदची मर्यादा ५०,००० दिलेली असते. टायमर दहा मिनिटांचा आहे आणि एखादा प्रोग्राम दर पंधरा मिनिटांनी डिस्कला हात लावतो असे धरा. दिवसात ९६ वेळा, वर्षात ३५,०४० वेळा डिस्क थांबून सुरू होणार. दीड वर्षाच्या आत मर्यादा संपली, आणि एवढे करून वर्षाला दहा युनिटही वाचले नाहीत.

म्हणून पहिले काम म्हणजे डिस्कला कोण जागे करते ते शोधणे. घरात कोणी सर्व्हर वापरत नसताना ‘प्रॉक’ फोल्डरमधली ‘डिस्कस्टॅट्स’ ही फाइल उघडा, आपल्या डिस्कसमोरचे वाचन-लेखनाचे आकडे टिपा आणि तासाभराने पुन्हा पाहा. आकडे जसेच्या तसे असतील तर उत्तम. हलले असतील तर कोणता प्रोग्राम डिस्क वापरतो ते दाखवणारा ‘आयओटॉप’ चालवा. तिथे बऱ्याचदा ‘जेबीडी२’ हे नाव दिसते आणि माणूस गोंधळतो. तो ईएक्सटी४ फाइल सिस्टीमचा जर्नल लिहिणारा कर्नलचा धागा आहे. लिहायला लावणारा प्रोग्राम त्याच्या आड असतो. त्याला पकडायला ‘फॅट्रेस’ वापरा. कोणत्या प्रोग्रामने कोणत्या फाइलला हात लावला ते हे साधन नावानिशी सांगते. बहुधा लॉग, डेटाबेस, टॉरेंट किंवा चित्रपटांची यादी बनवणारा मीडिया सर्व्हर सापडतो. या सगळ्यांचे फोल्डर छोट्या एसएसडीवर हलवा. स्वॅपही तिकडेच न्या.

एक जण मात्र इथे सापडत नाही, कारण तो फाइलला हातच लावत नाही. डिस्कच्या तब्येतीवर नजर ठेवणारा ‘स्मार्टडी’ मुळात दर ३० मिनिटांनी डिस्कला माहिती विचारतो, आणि त्या विचारण्याने अनेक डिस्क जाग्या होतात. त्याच्या सेटिंगमध्ये छोट्या ‘एन’ पर्यायापुढे ‘स्टँडबाय’ लिहिले की थांबलेल्या डिस्कला तो छेडत नाही. स्मार्टडी बंद करू नका. डिस्क मरायला टेकल्याची सूचना तोच देतो.

आता टायमर. तो डिस्कच्या स्वतःच्या फर्मवेअरमध्ये ठेवता येतो किंवा कर्नलच्या ड्रायव्हरकडे देता येतो. एका डिस्कला एकच टायमर ठेवा. दोन्ही लावले तर डिस्क कोणामुळे थांबली हे नंतर कळत नाही.

साटा केबलने जोडलेल्या डिस्कसाठी मी फर्मवेअरचा टायमर पसंत करतो. तो ‘एचडीपार्म’च्या कॅपिटल ‘एस’ पर्यायाने लागतो. यातले आकडे नीट समजून घ्या. १ ते २४० पर्यंत प्रत्येक अंक पाच सेकंदांचा, म्हणजे १२० म्हणजे दहा मिनिटे आणि २४० म्हणजे वीस. २४१ पासून मोजमाप बदलते: २४१ म्हणजे अर्धा तास, २४२ म्हणजे एक तास, असे २५१ पर्यंत साडेपाच तास. शून्य दिला की टायमर बंद. घरच्या साठवणीसाठी २४२ द्या. कॅपिटल ‘बी’ पर्याय वेगळ्या गोष्टीचा, डिस्कच्या वीज-बचतीच्या पातळीचा आहे: १ ते १२७ मध्ये डिस्कला थांबायची मुभा असते, १२८ ते २५४ मध्ये नसते. १२८ किंवा त्याच्या वर ठेवल्यास काही डिस्क टायमरलाही जुमानत नाहीत. तिथे १२७ द्या. त्याहून फार खाली जाऊ नका, कारण मग काही डिस्क वाचन-लेखनाचे शीर्ष सतत बाजूला नेऊन ठेवतात. कॅपिटल ‘वाय’ने मिळणाऱ्या ‘स्लीप’च्या वाटेला जाऊ नका, त्यातून डिस्क उठवायला रीसेट लागतो.

यूएसबी खोक्यातल्या डिस्कचे प्रकरण निराळे. पुष्कळ खोकी या आज्ञा आत पोहोचवतच नाहीत. तिथे ड्रायव्हरला कामाला लावा. ‘सिस’ फोल्डरमध्ये त्या डिस्कच्या ‘पॉवर’ या उपफोल्डरात ‘कंट्रोल’ ही फाइल असते, तिच्यात ‘ऑटो’ लिहा. तेवढ्याने काही होत नाही, कारण शेजारच्या ‘ऑटोसस्पेंड डिले’मध्ये मुळात उणे एक असतो, म्हणजे कधीच थांबू नको. तिथे मिलिसेकंदांत वेळ द्या. एका तासाला ३६,००,०००. वेळ भरली की कर्नलचा ‘एसडी’ ड्रायव्हर आधी डिस्कच्या कॅशमधला मजकूर तबकडीवर उतरवायला लावतो आणि मगच थांबण्याची आज्ञा देतो. हा क्रम फार मोलाचा आहे, न लिहिलेला डेटा त्यामुळेच वाचतो. कर्नल ६.६ पासून सर्व्हर चालू असताना डिस्क थांबवण्याचा स्विच वेगळा झाला आहे. ‘मॅनेज रनटाइम स्टार्ट स्टॉप’ या फाइलीत १ नसेल, तर कर्नलच्या लेखी डिस्क झोपते आणि तबकड्या फिरत राहतात.

अनेक डिस्क रेडमध्ये बांधल्या असतील तर सगळ्यांना एकच वेळ द्या. एकेक डिस्क उठू लागली की वाट पाहणे वाढत जाते, आणि ड्रायव्हर एका आज्ञेसाठी मुळात ३० सेकंदच थांबतो. डिस्क उठायला तेवढा वेळ लागत असेल तर ‘टाइमआउट’ ६० करा, नाहीतर चांगली डिस्क बिघडली असे समजून रेडमधून बाहेर काढली जाईल.

वीज गेली की टायमर पुसला जाऊ शकतो. आपल्याकडे हे व्हायचेच, म्हणून डिस्क दिसताच सेटिंग लावणाऱ्या यूडेव्हच्या नियमात ही सेटिंग लिहून ठेवा. ‘एसडीए’, ‘एसडीबी’ ही नावे बदलतात, त्यामुळे नियमात डिस्कचा अनुक्रमांक वापरा.

आठवड्याने ‘स्मार्टसीटीएल’ने डिस्कच्या तब्येतीच्या, म्हणजे स्मार्टच्या नोंदी काढा. चौथी नोंद सुरू-बंदची, १९३ वी शीर्ष बाजूला नेल्याची. तुलनेसाठी हे आकडे टायमर लावण्याआधीच टिपून ठेवा. दिवसाला दहाची भर पडत असेल तर ५०,००० गाठायला तेरा वर्षांहून जास्त लागतील, निश्चिंत राहा. वीसच्या पुढे जात असेल तर फॅट्रेसकडे परत जा आणि जागे करणारा शोधा. तो हलवता येण्यासारखा नसेल, तर टायमर बंद करा आणि ती डिस्क फिरू द्या.