वासरांची निगा : चीक, जागा व सोबत

आजचे वासरू ही उद्याची गाय होय. असे असूनही गोठ्यात सर्वांत अंधारी व ओलसर जागा बहुधा वासराच्याच वाट्यास येते. रेडकाची आबाळ तर त्याहून अधिक होते. रेडकू दगावले की पुष्कळ म्हशी पान्हा चोरतात आणि हेळसांडीची किंमत धन्यालाच मोजावी लागते.

चीक : जार पडल्याखेरीज वासरास चीक पाजू नये, असा समज कित्येक गावी आहे. तो घातक आहे. वासरू जन्मतः रोगप्रतिकारक द्रव्यांवाचून असते. ती त्यास चिकातून मिळतात. आतड्यांची ती शोषून घेण्याची शक्ती तासागणिक घटते व सुमारे २४ तासांत संपते. म्हणून जन्मानंतर दोन तासांच्या आत पहिला चीक पाजावा. पहिल्या दिवशी वजनाच्या दशांश, म्हणजे ३० किलोच्या वासरास तीन लिटर चीक विभागून द्यावा. वासराच्या चोखण्याने जार पडण्यास उलट मदतच होते. नाळेस टिंक्चर आयोडीन लावण्यास विसरू नये.

जागा : तीन महिन्यांपर्यंतच्या प्रत्येक वासरास छपराखाली निदान एक चौरस मीटर कोरडी जागा व बाहेर तिच्या दुप्पट मोकळी जागा असावी. पावसाळ्यात भाताचा पेंढा किंवा पाचट अंथरून ते वरचेवर बदलावे. अंथरणावर क्षणभर गुडघे टेकून पाहावे. गुडघे ओले झाल्यास ती जागा वासरास योग्य नाही, असे समजावे. वासराचे नाक जमिनीलगत असल्याने कुजलेल्या मूत्राचा उग्र वायू प्रथम त्याच्याच फुप्फुसांत जातो.

सोबत : वासरू हा कळपातील प्राणी आहे. जोडीने वाढणारी वासरे सुका चारा व खुराक लवकर खाऊ लागतात. आठ आठवड्यांवरील वासरू एकट्याच्या कप्प्यात कोंडण्यास युरोपीय संघात २००७ सालापासून सर्वसाधारणपणे मनाई आहे. बादलीने दूध पिणारी वासरे मात्र पिऊन झाल्यावरही काही वेळ चोखण्याची ओढ ठेवतात आणि एकमेकांचे कान वा नाळ चोखतात. त्यासाठी दूध पाजताच तोंड पुसून थोडा खुराक व गवत पुढे ठेवावे. आजारी वासरू मात्र तत्काळ वेगळे करावे.

यांपैकी कशासही मोठा खर्च लागत नाही. लागते ती वेळेवर दिलेली दृष्टी.