धाब्याचे छप्पर आणि वीस वर्षांची योजना

बुलढाणा जिल्ह्याच्या नांदुरा तालुक्यात वडनेर भोलजी हे गाव आहे. मुंबईहून नागपूरकडे जाणाऱ्या महामार्गावरचे हे गाव. मे महिन्यात या भागात पारा ४४-४५ अंशांवर चढतो. अशा दुपारी सिमेंटच्या स्लॅबखाली पंखा लावून बसले, तर अंगावर गरम वाराच येतो. त्याच वेळी जुन्या धाब्याच्या घरात मात्र माणसे स्वस्थ वामकुक्षी घेत असतात. (धाबे म्हणजे महामार्गावरचे जेवणाचे ठिकाण नव्हे!) लाकडी कड्या, त्यांवर फळ्या आणि फळ्यांवर दीड वीत पांढरी माती असे ज्याचे छप्पर, ते धाब्याचे घर. वऱ्हाडात आणि खानदेशात अशी घरे पिढ्यान् पिढ्या बांधली गेली.

दोन्ही छपरांवर ऊन सारखेच पडते. मग हा फरक कशामुळे? आपण गणितच करून पाहू.

छपरातून उष्णता वहनाने आत येते. थर जितका जाड आणि त्याचा पदार्थ जितका मंद वाहक, तितका अडथळा मोठा. जाडी मीटरमध्ये घेऊन तिला पदार्थाच्या उष्णतावाहकतेने भागले की हा अडथळा, म्हणजे उष्णतारोध, मिळतो. काँक्रीटची वाहकता सुमारे १.६ आहे. १२ सें.मी. जाडीच्या स्लॅबचा रोध ०.१२ भागिले १.६, म्हणजे अवघा ०.०७५. छपराच्या वरखाली चिकटून असलेले हवेचे पातळ थरही थोडी उष्णता अडवतात. त्यांचा रोध सुमारे ०.२१ धरतात. बेरीज झाली ०.२८५. एकाला या बेरजेने भागले की ३.५ येतात. याला यू-मूल्य म्हणतात. बाहेर व आत १ अंशाचा फरक असेल, तर छपराच्या दर चौरस मीटरमधून ३.५ वॅट उष्णता आत येते, असा त्याचा अर्थ.

आता धाबे घ्या. कोरड्या मातीची वाहकता सुमारे ०.६ धरू. ३० सें.मी. मातीचा रोध झाला ०.५. अडीच सें.मी. जाड फळ्यांचा सुमारे ०.१७, आणि हवेच्या थरांचा तोच ०.२१. बेरीज ०.८८, यू-मूल्य सुमारे १.१४. म्हणजे स्लॅबच्या एकतृतीयांशाहूनही कमी उष्णता! ९ चौरस मीटरची खोली आणि उन्हामुळे २० अंशांचा फरक धरला, तर स्लॅबमधून ६३० वॅट आत येतात, धाब्यातून सुमारे २०५. डोक्यावर इस्त्री चालू ठेवून खाली पंखा लावावा, असाच हा प्रकार झाला. शिवाय मातीच्या जाड थरातून उष्णता झिरपायला कितीतरी तास लागतात, तोवर सूर्य मावळलेला असतो.

हे आकडे ध्यानात ठेवा, कारण सरकारने २०१८ साली एक आकडा ठरवला आहे. केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाने त्या वर्षी राहत्या इमारतींसाठी ‘इको-निवास संहिता’ काढली. तिच्यानुसार छपराचे यू-मूल्य १.२ पेक्षा अधिक असता कामा नये. आपले धाबे १.१४ ला उत्तीर्ण होते, आणि नवा स्लॅब ३.५ ला साफ नापास!

म्हणून सगळ्यांनी पुन्हा धाबी बांधावीत काय? तसे मुळीच नाही. धाब्यावर दर पावसाळ्यापूर्वी माती टाकावी लागते, तरी ते गळते. लाकूड महाग, आणि त्याला वाळवी लागते. लोकांनी स्लॅब पसंत केला तो उगाच नव्हे. पण स्लॅबवर वॉटरप्रूफिंगच्या खाली २ सें.मी. थर्मोकोल घातला, तर त्याची वाहकता ०.०३५ असल्याने ०.५७ रोध वाढतो आणि यू-मूल्य १.१७ वर येते. दीड वीत मातीचे काम दोन बोटे रुंदीहून कमी जाडीत होते. वर पांढरा चुना दिला, तर बरेचसे ऊन परतच जाते.

हे काम मात्र बांधतानाच केलेले बरे. दिवा बदलायला पाच मिनिटे पुरतात. स्लॅब पन्नास वर्षे तसाच राहतो. म्हणूनच इमारतींच्या ऊर्जाबचतीची योजना सरकारला दीर्घ मुदतीची करावी लागते. ऊर्जा संवर्धन कायदा झाला २००१ साली. तेव्हा इमारतींची संहिता ५०० किलोवॅट वीजभाराच्या मोठ्या व्यापारी इमारतींपुरती होती. २०१० च्या दुरुस्तीने ही मर्यादा १०० किलोवॅटवर आली. २०२२ च्या दुरुस्तीने राहत्या इमारतीही कायद्याच्या कक्षेत घेतल्या. मार्च २०१९ मध्ये ‘भारत शीतलन कृती योजना’ जाहीर झाली. थंडाव्यासाठी लागणारी ऊर्जा २०३७-३८ पर्यंत २५ ते ४० टक्क्यांनी कमी करणे, हे तिचे एक उद्दिष्ट आहे.

परंतु २०१८ ची इको-निवास संहिता ५०० चौरस मीटर वा त्याहून मोठ्या भूखंडावरील इमारतींसाठी आहे, आणि तीही राज्याने आपल्या नियमांत घेतली तरच लागू होते. गावातल्या साध्या घराचा वीजभार तर दोन-तीन किलोवॅटच असतो. ते या चाळणीतून सहज खाली पडते. याउलट, २०१६ पासूनच्या प्रधानमंत्री आवास योजनेत ग्रामीण घरकुलाला सरकार स्वतः पैसे देते. त्याचे क्षेत्रफळ किमान २५ चौरस मीटर असावे लागते, हाही नियम सरकारचाच. २०२४ ते २०२९ या काळात आणखी दोन कोटी घरकुले मंजूर झाली आहेत. क्षेत्रफळाच्या नियमाशेजारी छपराच्या यू-मूल्याचा एक आकडा लिहिला असता, तर फार चांगले झाले असते असे मला वाटते. दोन कोटी छपरे म्हणजे थोडीथोडकी नव्हेत.

तुमच्या गावात धाब्याचे घर शिल्लक असेल, तर एक करून पाहा. दोन सारखे तापमापक घ्या. एक धाब्याखाली, एक स्लॅबखाली, दोन्ही भिंतीपासून दूर, माणसाच्या छातीइतक्या उंचीवर टांगा. सकाळी ८ पासून रात्री १० पर्यंत दर दोन तासांनी नोंद करा आणि एकाच कागदावर दोन्ही आलेख काढा. नुसता अधिक-उणा आकडा पाहून थांबू नका. प्रत्येक खोलीतले सर्वांत अधिक तापमान किती वाजता येते, तेही पाहा.