जखमी राजा, ओसाड भूमी आणि आपला दुष्काळ

गेल्या वर्षी वर्गात एलियटची ‘द वेस्ट लँड’ (१९२२) ही कविता शिकविताना सरांनी ‘आदिबंध’ ही संकल्पना समजावून सांगितली. राजा जखमी होतो आणि त्याची भूमीही ओसाड पडते. तो बरा झाल्याखेरीज ती हिरवी होत नाही, असा हा आदिबंध. जेसी वेस्टन या विदुषीच्या १९२० सालच्या ग्रंथाचे ऋण एलियटने स्वतःच मान्य केले आहे. दुष्काळ आपल्या जिल्ह्याच्या पाचवीला पुजलेला. तेव्हा ही कथा आपल्याकडे कोणत्या रूपात भेटते, हे पाहावेसे वाटले.

ही राजाची कथा बाराव्या शतकातील फ्रेंच कवी क्रेतियँ द त्र्वा याच्या ‘पर्सेव्हाल’ या अपुऱ्या राहिलेल्या काव्यात येते. भाला लागून पंगू झालेला राजा मासे धरीत दिवस कंठतो. पर्सेव्हाल हा तरुण त्याच्याकडे पाहुणा म्हणून येतो. रक्त ठिबकणारा एक भाला त्याच्यासमोरून नेला जातो. परंतु फार बोलू नये या शिकवणुकीमुळे तो गप्प राहतो. विचारले असते तर राजा बरा झाला असता, हे त्याला मागाहून कळते. पुढे जर्मन कवी वोल्फ्रामने हा प्रश्न अधिकच साधा केला. यजमानाच्या दुखण्याची आपुलकीने चौकशी करायची, एवढेच!

आपल्या परंपरेतही राजा आणि पाऊस यांचे नाते जुने आहे. यास्काच्या ‘निरुक्ता’त शंतनूची कथा आहे. थोरल्या देवापीला डावलून तो राजा झाला आणि बारा वर्षे पाऊस पडला नाही. ‘बृहद्देवते’त देवापीला त्वचारोग असल्याचे सांगितले आहे. म्हणजे राजघराण्यातील व्याधी आणि अवर्षण येथेही शेजारी आहेत. अखेर देवापीनेच पुरोहित होऊन यज्ञ केला, तेव्हा पाऊस आला. वेन राजाच्या कथेत मात्र निराळे वळण दिसते. त्याच्यामागून पृथ्वीने धान्य पोटात दडविले. नवा राजा पृथू याने धनुष्याच्या टोकाने डोंगर सारून जमीन सपाट केली, आणि मग शेती सुरू झाली. येथे उपायात श्रम आले.

आपल्या जिल्ह्यातील कथा आणखी पुढे जातात. मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांच्या कथेत बेदरचा बादशहा धडधाकट आहे, त्याची कोठारेही भरलेली आहेत. उपाशी आहे ती रयत. दामाजीपंत कोठार उघडतात आणि धान्याची रक्कम भरायला विठोबा विठू महाराच्या रूपाने जातो. सोलापुरात बाराव्या शतकात सिद्धरामेश्वरांनी तलाव खोदविला. या दोन्ही ठिकाणी राजा बरा होण्याची वाट कोणी पाहिली नाही. एकाने कुलूप काढले, दुसऱ्याने माती काढली.

हे टिपण घेऊन मी आजीजवळ बसून होतो. १९७२ च्या दुष्काळात ती खडी फोडायला जात असे, एवढे घरात ऐकून माहीत होते. तिच्या डाव्या हाताची तर्जनी वाकडी आहे. त्याच हाताने तिने मला वाढविले. पण ते बोट कशाने वाकले, हे मी कधी विचारले नव्हते. त्या दिवशी विचारले.

‘‘आत्ता विचारतुयास व्हय?’’ ती हसली. हातोडा बोटावर बसला होता. चिंधी बांधून ती दुसऱ्या दिवशी पुन्हा कामावर गेली, कारण खाडा पडला की मजुरी नाही. मग मिलोच्या भाकरी, सुकडी, छावणीतली जनावरे असे ती रात्री उशिरापर्यंत सांगत राहिली. गावात पाप वाढले म्हणून पाऊस गेला, असे तेव्हा लोक म्हणत. ‘‘आमी कसलं पाप केलं हुतं रं?’’ असे तिने मला विचारले. मला उत्तर देता आले नाही.

या आदिबंधातील धोका मला तेथे दिसला. कोरड्या आभाळासाठी तो कोणाचा तरी दोष शोधतो, आणि तो दोष पुष्कळदा उपाशी माणसाच्याच माथी येतो. पण त्यातला प्रश्न मात्र मोलाचा आहे. आपल्याकडे जखम राजाच्या मांडीत नव्हती, खडी फोडणाऱ्या हातांत होती. त्या दुष्काळी कामांच्या अनुभवातून रोजगार हमी योजना राज्यभर विस्तारली आणि १९७७ साली तिचा कायदा झाला. रयतेला काय हवे, याची राज्याने केलेली ती चौकशीच म्हणावी लागेल.

पर्सेव्हाल एका रात्रीसाठी पाहुणा होता. मी तर वीस वर्षे त्याच घरात राहत होतो.