नावेची कडपट्टी

आपला वणी तालुका नद्यांच्या काठचा. पैनगंगा वढा-जुगादला वर्धेला मिळते. वर्धा पुढे वैनगंगेला मिळते, तिची प्राणहिता होते, आणि ते पाणी गोदावरीत जाते. वरोऱ्याकडे जाताना पाटाळ्याचा पूल लागतो. पूल झाले, रस्ते झाले, तरी मासे धरायला आणि पलीकडच्या शेतात जायला नाव लागतेच. नाव लागते म्हणून नावेची दुरुस्तीही लागते.

लाकडी नाव नीट पाहा. काठाच्या बाहेरच्या अंगाला, टोकापासून टोकापर्यंत, एक जाड पट्टी ठोकलेली असते. या पाठात तिला आपण कडपट्टी म्हणू. कोकणातल्या शिडाच्या होड्यांनाही अशी पट्टी असते. तिचे काम एकच, मार खायचा. नाव घाटाच्या दगडाला लागते, दुसऱ्या नावेवर आदळते. तो धक्का पट्टीने घ्यावा, नावेच्या फळीने घेऊ नये, म्हणून ती असते.

आता एक बोलणे ऐका.

नावाडी म्हणाला, "मिस्त्री, पट्टी हातभर फुटली आहे. वरून पत्रा ठोकून द्या. पावसाळा काढू."

सुतार म्हणाला, "पत्रा ठोकतो भाऊ, पण आधी दाभण आणा."

सुताराने फुटलेल्या जागी दाभण टोचले. ते लोण्यात जावे तसे आत गेले. लाकूड कुजले होते.

असे का झाले? पट्टी फुटली की फटीत पाणी जाते. ते पट्टी आणि फळी यांच्यामध्ये अडते. ऊन तिथे पोचत नाही, वारा लागत नाही. ओल राहिली की बुरशी धरते, आणि बुरशी लाकूड खाते. लोखंडी खिळे गंजतात, खिळ्याची भोके मोठी होतात. त्यावर पत्रा ठोकला तर ओल आत कोंडली जाते. वरून नाव चांगली दिसते, आतून सडत जाते. पट्टी गेली तर पट्टीच जाते. पण पट्टीखालची फळी गेली तर नाव जाते, आणि नावेत माणसे असतात.

मग काय करायचे? उन्हाळ्यात, मृगाच्या आधी हे काम काढावे. क्रम असा आहे.

पहिले काम. नाव काठावर ओढून सावलीत ठेवा. सगळी पट्टी दाभणाने तपासा. नुसती फुटलेली जागा पाहून थांबू नका. कीड दोन्हीकडे किती गेली ते पाहून खूण करा.

दुसरे काम. खराब भाग खिळे उपटून काढा. पटाशीने हिसके देऊ नका, फळी चिरते. आता खालची फळी तपासा. ती मऊ असेल तर आधी फळी बदला, मग पट्टी. फळी चांगली असेल तर जुनी भोके लाकडी खुंट्या ठोकून बुजवा.

तिसरे काम. नवे लाकूड वाळलेले सागवान घ्या. ओले घेतले तर ते आटते आणि सांधा उघडतो. सांधा सरळ कापून भिडवू नका, तिरपा कापा. पट्टी एक इंच जाड असेल तर उतार आठ इंच लांब ठेवा. नावेच्या पुढच्या बाजूचा तुकडा वर आणि मागचा त्याच्या खाली येऊ द्या. छपरावर कौल जसे खालच्या कौलावर येते तसे. मग नाव घासत गेली तरी सांधा उचकटत नाही.

चौथे काम. बाक जास्त असेल तर जाड पट्टी मोडते. तिच्या जागी अर्ध्या जाडीच्या दोन पट्ट्या एकीवर एक बसवा. पातळ लाकूड सहज वळते. शिकंज्याने आवळून हळूहळू बसवा.

पाचवे काम. पट्टीच्या पाठीला आणि फळीला तेल-राळेचा लेप द्या. गिरमिटाने आधी भोके पाडा, मगच स्क्रू पिळा. भोक न पाडता ठोकले तर सागवान चिरते. स्क्रू पितळी घ्या. पितळ महाग वाटले तर जस्ताचा मुलामा दिलेले घ्या, साधे लोखंड नको. पट्टी आवळली की लेप कडेने बाहेर येईल. तो पुसून घ्या. कुठे बाहेर आला नाही, तर तिथे पोकळी राहिली असे समजा.

शेवटी रंध्याने धार मोडा, आणि जवसाच्या तेलाचे दोन-तीन हात द्या. एक हात पूर्ण वाळल्यावर दुसरा. मग नाव पाण्यात बांधून दोन दिवस रिकामी ठेवा. लाकूड फुगते, बारीक फटी मिटतात. तरीही पाणी येत असेल तर माणसे बसवू नका.

आपल्या सुताराचे बोलणे नावाड्याने ऐकले. चार दिवस नाव बंद राहिली, चार दिवसांची मजुरी बुडाली. ते नुकसान खरे आहे, लहान नाही. पण १४ सप्टेंबर २०२१ ला अमरावती जिल्ह्यात झुंज येथे याच वर्धा नदीत नाव उलटली आणि माणसे बुडाली. नाव उलटायची कारणे पुष्कळ असतात. पट्टी चांगली असली म्हणून जास्त माणसे बसवता येत नाहीत. नाव मजबूत पाहिजे, आणि भारही बेताचा पाहिजे. दोन्ही गोष्टी नावाड्याच्या हातात आहेत.

ध्यानात ठेवा : फुटके झाकू नये. उघडून पाहावे, मग दुरुस्त करावे.

प्रश्न
१. कडपट्टीचे काम कोणते?
२. फुटक्या पट्टीवर पत्रा का ठोकू नये?
३. पट्टी दीड इंच जाड असेल तर सांध्याचा उतार किती इंच ठेवाल?
४. तुमच्या गावात नाव, बैलगाडी किंवा दाराची चौकट यांपैकी काय आहे? त्याचे लाकूड दाभणाने तपासा. काय दिसले ते पाच ओळीत लिहा.