प्रॉस्टेट, रिसेप्टर आणि सर्दीची गोळी

गेल्या हिवाळ्यात बाबा भारतातून आमच्याकडे आले होते. थंडीने नाक चोंदले म्हणून मी फार्मसीतून स्यूडोएफेड्रिनची गोळी आणून दिली. त्या रात्री त्यांची लघवी पूर्ण बंद झाली आणि पहाटे इमर्जन्सी रूममध्ये नळी घालावी लागली. एवढ्याशा गोळीने असे कसे झाले, हे शोधताना जे समजले ते येथे देत आहे. मी डॉक्टर नाही, संगणकवाला आहे.

पेशीवर किंवा पेशीच्या आत रिसेप्टर नावाची प्रथिने असतात. ठरावीक रसायन येऊन चिकटले की ती पेशीला निरोप पोचवतात. दारावरची घंटाच म्हणा ना!

प्रॉस्टेट ग्रंथी मूत्राशयाच्या तोंडाशी, मूत्रमार्गाभोवती असते. तरुणपणी ती अक्रोडाएवढी, सुमारे २० ग्रॅमची. तिच्या पेशींत टेस्टोस्टेरॉनपासून डीएचटी हे जास्त प्रभावी संप्रेरक बनते आणि अँड्रोजन रिसेप्टरला चिकटून 'वाढा' असा निरोप देते. गंमत अशी की वयाबरोबर रक्तातले टेस्टोस्टेरॉन घटते, पण प्रॉस्टेटमधले डीएचटी फारसे घटत नाही. निरोप चालूच राहतो. साठीपर्यंत सुमारे निम्म्या पुरुषांत ही वाढ सूक्ष्मदर्शकाखाली दिसते. हा कर्करोग नव्हे.

दुसरी घंटा म्हणजे अल्फा-१ रिसेप्टर. प्रॉस्टेटच्या स्नायूंवर तो भरपूर असतो. नॉरॲड्रिनलिन चिकटले की स्नायू आवळतात आणि मूत्रमार्ग दाबला जातो. नाकातल्या रक्तवाहिन्यांवरही अल्फा रिसेप्टर असतात. स्यूडोएफेड्रिन नॉरॲड्रिनलिन वाढवून नाक मोकळे करते, पण त्याच वेळी खालचा रस्ता आवळते! रात्रीच्या सर्दीच्या औषधांत डायफेनहायड्रामिनसारखे झोप आणणारे औषधही असू शकते. ते मूत्राशयाच्या स्नायूचा जोर कमी करते, म्हणजे दुहेरी संकट.

उपचारही याच घंटांवर चालतात. टॅमसुलोसिन अल्फा-१ अडवते व काही दिवसांत आराम पडतो. मात्र उठताना चक्कर येऊ शकते, आणि मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेआधी हे औषध घेतल्याचे डोळ्यांच्या डॉक्टरांना सांगावेच लागते. अमेरिकेत १९९२ साली मान्यता मिळालेले फिनास्टेराइड डीएचटी बनू देत नाही. ग्रंथी आक्रसायला महिने लागतात, आणि रक्ततपासणीतला पीएसए आकडा साधारण निम्मा होतो. हे ठाऊक नसलेला डॉक्टर त्या आकड्याने फसू शकतो.

आता पैशाचे. व्हिजिटर इन्शुरन्समध्ये बहुधा 'आधीपासूनचा आजार' वगळलेला असतो. आमच्या विमा कंपनीने तेच कारण दिले. पत्रव्यवहार अजून चालू आहे. पॉलिसी घेण्यापूर्वी जुना आजार अचानक बळावल्यास काय मिळते, ते कलम वाचा. वडीलधाऱ्यांना निघताना डॉक्टरांची चिठ्ठी आणि औषधांची मूळ नावे आणायला सांगा, कारण भारतातली ब्रँडची नावे इथल्या डॉक्टरांना कळत नाहीत. सर्दीची गोळी देण्यापूर्वी फार्मासिस्टला प्रॉस्टेटबद्दल विचारायला पैसे पडत नाहीत.

बाबा दोन वर्षे रात्रीतून चार वेळा उठत होते. "वय झालं की व्हायचंच," म्हणून आईलाही बोलले नव्हते. लघवी पूर्ण अडली आणि ओटीपोट दुखू लागले तर सकाळची वाट पाहू नका. आम्ही सहा तास पाहिली.