विजेवरचा टेम्पो : पल्ला किती हवा?

व्यापारी बंधूंनो, विजेवरच्या टेम्पोची चौकशी करताना आपण आधी विचारतो, ‘एका चार्जिंगमध्ये किती किलोमीटर जाईल?’ वास्तविक पहिला प्रश्न असा हवा : माझी गाडी रोज किती चालते? पल्ला वाढला की बॅटरी मोठी होते, किंमत वाढते आणि भांडवल अडकून पडते.

प्रथम पंधरा दिवस रोजचे किलोमीटर वहीत लिहा. रत्नागिरी शहरात माल पोहोचविणाऱ्याचे दिवसाला तीस-चाळीस किलोमीटरही होत नाहीत. लांजा सुमारे ४० किलोमीटर, म्हणजे जाऊन-येऊन ८०. नेहमीच्या फेऱ्यांतील सर्वांत लांब फेरी हाच आपला हिशेबाचा आकडा.

आता गाडीचा आकडा पाहू. आपण ज्याला ‘छोटा हत्ती’ म्हणतो, त्या टाटा एसची विजेवरची गाडी २०२२ साली आली. तिची बॅटरी २१.३ युनिटची, भार ६०० किलो आणि चाचणीतील पल्ला १५४ किलोमीटर. पण चाचणी ती चाचणी. भरलेला माल, कोकणातील चढ-उतार आणि वेग यांत वीज जास्त जाते. एका युनिटला पाच किलोमीटर धरले तर १०६ किलोमीटर होतात. शिवाय वर्षे सरतात तशी बॅटरीची ताकद घटते.

म्हणून सोपा नियम : लांब फेरीच्या दीडपट पल्ला चाचणीतील नव्हे, प्रत्यक्षातील हवा. चाळीसची फेरी असेल तर साठ पुरे. लांज्याच्या ८० ला १२० हवेत. म्हणजे ही गाडी थोडी कमी पडते. मात्र तेथे माल उतरविताना १५ अँपियरच्या प्लगवर दोन तास लावली तर सहा युनिट, म्हणजे तीस किलोमीटर मिळतात. मोठी बॅटरी घेण्यापेक्षा हे स्वस्त.

इचलकरंजी-भिवंडीचा माल बहुतेकांकडे ट्रान्सपोर्टनेच येतो. आंबा घाट चढून कोल्हापूरला सुमारे १३० किलोमीटर वर्षातून दोन-चारदाच जायचे असेल, तर भाड्याची गाडी करावी. त्यासाठी रोज जादा बॅटरीचे ओझे वाहू नये.

एक खबरदारी मात्र जरूर घ्यावी. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर दापोली-मंडणगडात कित्येक दिवस वीज नव्हती. पावसाळ्यात वादळाचा इशारा मिळताच बॅटरी पूर्ण भरून ठेवावी. ज्याचा धंदा एकाच गाडीवर चालतो, त्याने जुनी डिझेल गाडी विकण्यापूर्वी एक पावसाळा जाऊ द्यावा.