धुराचे माप आणि कायद्याचा आकडा

चैत्र-वैशाखात लिंबायतच्या गच्च्यांवर वाळवण पडते. खानदेशातून आलेल्या आमच्या भगिनी बिबडे, कुरडया, नागलीचे पापड घालतात आणि संध्याकाळी गोळा करताना प्रत्येकीची एकच तक्रार असते : पांढऱ्या पापडावर काळे ठिपके. वारा मिलांच्या बाजूने फिरला की ठिपके जास्त. गेल्या सभेत एका भगिनीने सरळ विचारले, "धूर कमी करायचा कायदा झाला म्हणतात, मग ही राख कुठून येते?" तिच्याच शेजारी बसलेल्या बांधवाचा प्रश्न वेगळा होता. त्यांची चार एकर शेती नवापूरकडे भावाच्या ताब्यात आहे. "हवामानाचा कायदा आला तर उद्या शेतकऱ्याच्या युरियावर आणि गाईम्हशींवर कर बसेल का?" दोन्ही प्रश्नांची उत्तरे या पाठात पाहू.

प्रथम एक गोष्ट नीट समजून घ्यावी. धुराड्यातून दोन वेगळ्या वस्तू बाहेर पडतात. एक डोळ्यांना दिसते : राख, काजळी, बारीक धूळ. पापडावर पडते ती हीच. तिच्यातले मोठे कण नाकात अडकतात, पण अतिबारीक कण फुप्फुसाच्या तळापर्यंत जातात. दमा, जुनाट खोकला, हृदयाचे विकार यांचा तिच्याशी संबंध आहे. लहान मुले व वृद्ध यांना तिचा त्रास अधिक होतो. दुसरी वस्तू दिसत नाही, तिला वास नाही, तिने खोकला येत नाही. ती म्हणजे कर्बवायू, कार्बन डाय-ऑक्साइड. हा वायू वातावरणात शेकडो वर्षे राहतो आणि पृथ्वीवर पांघरुणासारखा पसरून उष्णता अडवतो. अशा वायूंना हरितगृह वायू म्हणतात.

राख पकडता येते. मिलच्या धुराड्याला कापडी पिशव्यांची गाळणी किंवा पाण्याचा फवारा बसवला की बरीचशी राख खाली राहते. कर्बवायू मात्र त्या गाळणीतून सहज निघून जातो. म्हणून पांढरा धूर सोडणारी मिल काळा धूर सोडणाऱ्या मिलपेक्षा छातीला बरी, पण दोघी सारखाच कोळसा जाळत असतील तर हवामानाच्या हिशेबात दोघी सारख्याच. हा हिशेबही कठीण नाही. १२ भाग कार्बन जळला की हवेतला प्राणवायू घेऊन ४४ भाग कर्बवायू होतो. कोळशात निम्मा कार्बन धरला, तर एक किलो कोळशामागे पावणेदोन किलोहून अधिक वायू वर जातो. एका किलोतून पावणेदोन किलो कसे, असे पुष्कळ जण विचारतात. वाढीव वजन हवेतल्या प्राणवायूचे असते.

आता राखेच्या कायद्याकडे वळू. हवेच्या प्रदूषणाचा केंद्रीय कायदा १९८१ सालचा. त्याखाली धुराड्यातील हवेच्या दर घनमीटरमागे इतकेच मिलिग्रॅम धूळकण असावेत अशी मर्यादा होती. निरीक्षक कधीतरी येई, नमुना घेई व जाई. मधल्या दिवसांत काय निघाले याचा पत्ता नसे. शिवाय मर्यादा घनमीटरमागे असल्याने मिल एक पाळी चालो की तीन पाळ्या, मर्यादा तीच. चूक सापडली तर हाती उपाय कोणते? नोटीस, नाहीतर मिल बंद करणे किंवा खटला. मिल बंद झाली की पहिली झळ कोणाच्या चुलीला लागते हे लिंबायतला सांगायला नको.

२०१९ साली सुरतेत निराळी पद्धत सुरू झाली. गुजरात प्रदूषण नियंत्रण मंडळाने संशोधकांच्या साहाय्याने कोळसा जाळणारे तीनशेच्या वर कारखाने घेतले. त्यांत बहुसंख्य कापडाच्या मिल होत्या. धुराड्यांना रात्रंदिवस चालणारी मापनयंत्रे बसवली. नंतर चिठ्ठ्या टाकाव्यात तसे निम्मे कारखाने नव्या पद्धतीत घेतले व निम्मे जुन्यात ठेवले, म्हणजे तुलना चोख व्हावी. नव्या पद्धतीत सर्व मिलांनी मिळून ठरावीक मुदतीत किती किलो धूळ सोडावी याचा एकच आकडा ठरला. तेवढ्या किलोंचे परवाने निघाले. बहुतेक परवाने मिलांना फुकट वाटले, थोड्यांचा लिलाव झाला. जिने गाळणी नीट ठेवून धूळ वाचवली तिने उरलेले परवाने विकावेत आणि जिला कमी पडले तिने विकत घ्यावेत. भाव किलोमागे ५ रुपयांच्या खाली व १०० रुपयांच्या वर जाऊ नये असे बंधन होते. मुदत संपली आणि परवान्यापेक्षा धूळ जास्त निघाली, तर मिलने आधीच भरलेल्या अनामतीतून भरपाई कापली जाई. जगात धूळकणांसाठी असा बाजार पहिल्यांदा भरला तो आपल्या सुरतेत.

अभ्यासकांनी मोजले तेव्हा दिसले की नव्या पद्धतीतील मिलांची धूळ जुन्या पद्धतीतील मिलांपेक्षा २० ते ३० टक्क्यांनी कमी आली. जवळजवळ सर्व मिलांनी नियम पाळला आणि तेवढीच धूळ कमी करण्याचा खर्चही उणाच पडला. आमच्या मते यातले खरे काम बाजाराने जितके केले तितकेच मापनयंत्राने आणि अनामतीने केले. ज्याचे माप नाही त्याचा आकडा ठरवून उपयोग नाही, आणि आकडा मोडल्यावर खिशातून काही जाणार नसेल तर तो भिंतीवरच्या सुविचारासारखाच राहतो.

तरी भगिनीच्या प्रश्नाचे उत्तर यातून पुरे होत नाही. सर्व मिलांची मिळून धूळ घटली म्हणजे प्रत्येक धुराड्याची घटली असे नव्हे. परवाने विकत घेऊन एखादी मिल पूर्वीइतकीच धूळ सोडू शकते, आणि तिच्या खालच्या गल्लीतल्या पापडांवर ठिपके पडतच राहतात. राख ज्या गल्लीत पडते त्या गल्लीचे नुकसान करते. कर्बवायूचे तसे नाही. तो पांडेसऱ्यात निघो की परदेशात, पांघरूण सर्वांवर सारखेच पडते. म्हणून हा बाजार वायूला अधिक शोभतो, राखेला जपून वापरावा लागतो.

मग वायूचा कायदा कुठे आहे? इथे परराज्याचे नव्हे, परदेशातल्या एका राज्याचे उदाहरण घ्यावे लागते. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याने २००६ साली कायदा केला की २०२० पर्यंत राज्यातील हरितगृह वायू १९९० सालच्या पातळीवर आणावेत. दर वर्षी हिशेब प्रसिद्ध होऊ लागला आणि २०१६ सालीच ती पातळी गाठली गेली. त्याच वर्षी दुसरा कायदा झाला : २०३० पर्यंत १९९० पेक्षा ४० टक्के कमी. न्यूयॉर्क राज्यानेही २०१९ मध्ये असाच कायदा केला. लक्षात घ्या, हे देशाचे नव्हेत, राज्यांचे कायदे आहेत.

आपल्याकडे गुजरातने २००९ साली हवामान बदलासाठी स्वतंत्र खाते काढले. गुजरात व महाराष्ट्र या दोन्ही राज्यांनी कृती आराखडे तयार केले. पण आराखडा म्हणजे कायदा नव्हे. आराखडा मोडला म्हणून कोणाला दंड होत नाही. हवामान बदलावर देशात एकछत्री कायदा नाही, हे सर्वोच्च न्यायालयानेही २०२४ मध्ये माळढोक पक्ष्याच्या खटल्यात नमूद केले, आणि हवामान बदलाच्या दुष्परिणामांपासून मुक्त राहणे हा नागरिकाचा हक्क मानला. पुढे ऑक्टोबर २०२५ मध्ये केंद्राने नियम काढले. ॲल्युमिनियम, सिमेंट, क्लोर-अल्कली आणि कागद या उद्योगांतील ठरावीक कारखान्यांना प्रत्येकी आकडा ठरवून दिला. आकडा चुकला तर प्रमाणपत्रे विकत घ्यावीत, नाहीतर बाजारभावाच्या दुप्पट भरपाई भरावी. कापड उद्योगातील मोठ्या कारखान्यांच्या आकड्यांचा मसुदाही २०२५ मध्येच निघाला.

मात्र या आकड्यांत एक खोच आहे आणि ती आपल्या शेतकरी मंडळींना चटकन कळेल. कॅलिफोर्नियाचा आकडा एकूण वायूचा आहे. आपला आकडा मालाच्या प्रत्येक टनामागचा आहे. समजा एका शेतकऱ्याला क्विंटलमागे दोन किलो युरिया लागे आणि १०० क्विंटल धान्य होई. युरिया लागला २०० किलो. त्याने सुधारणा केली, क्विंटलमागे दीड किलोवर आला. शाब्बास! पण त्याने शेत वाढवले आणि धान्य १५० क्विंटल केले. युरिया लागला २२५ किलो. क्विंटलमागे पाव हिस्सा घटला, एकूण मात्र वाढला. कारखान्याचेही तसेच आहे. देशाने २०३० साठी जगापुढे दिलेला ४५ टक्क्यांचा शब्दही याच प्रकारचा आहे : २००५ च्या तुलनेत उत्पन्नाच्या प्रत्येक रुपयामागे वायू कमी करण्याचा. गरीब देशाला वाढायचे आहे, आपल्या तरुणांना त्याच मिलांत काम हवे आहे, म्हणून असा आकडा घेणे आम्हाला गैर वाटत नाही. पण "४५ टक्के धूर कमी होणार" असे कोणी भाषणात सांगितले तर ते खरे नाही, हे आपल्याला कळले पाहिजे.

उत्पत्तीच्या पुस्तकातील योसेफ आठवा. सात वर्षे सुकाळाची, सात दुष्काळाची, हे त्याने फारोला सांगितले आणि पुढे "सर्वांनी काटकसर करावी" एवढ्यावर तो थांबला नाही. पाचवा हिस्सा, असा आकडा सांगितला. तो गोळा करायला अधिकारी नेमायला लावले आणि ज्या नगराभोवतालचे शेत त्याच नगरात त्याचे धान्य साठवले. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या 'लाउदातो सी' या परिपत्रकात स्पष्ट मर्यादा घालणाऱ्या कायद्याची गरज सांगितली आहे. त्याच परिपत्रकात कार्बनच्या परवान्यांची खरेदी-विक्री हा सट्ट्याचा नवा प्रकार होऊ शकतो, असा इशाराही आहे. दोन्ही वाक्ये एकाच परिपत्रकातली आहेत, म्हणून सोयीचे तेवढे एकच वाचू नये.

आता बांधवाचा प्रश्न. केंद्राचे हे नियम कारखान्यांना आहेत; त्यांत शेतकऱ्याच्या युरियावर किंवा जनावरांवर कर नाही. मिथेन वायू कमी करण्याचा जो जागतिक संकल्प २०२१ मध्ये झाला त्यात भारत सामील झाला नाही, त्याचे कारणही आपली भातशेती व पशुधन हेच आहे. पण कायदा नाही म्हणजे वायू नाही असे नव्हे. रवंथ करणाऱ्या जनावराच्या पोटातून आणि पाणी तुंबलेल्या भातखाचरातून मिथेन निघतो. शंभर वर्षांच्या हिशेबात तो कर्बवायूच्या सुमारे २८ पट उष्णता अडवतो. पिकाने न घेतलेल्या युरियातून नायट्रस ऑक्साइड निघतो, तो सुमारे २७० पट. कॅलिफोर्नियाने २०१६ मध्ये गोठ्यांनाही आकडा लावला आहे : २०३० पर्यंत मिथेन २०१३ पेक्षा ४० टक्के कमी. तेथील गोठ्यांत हजारो गाई असतात. दोन म्हशी बाळगणाऱ्या आपल्या माणसाला तो नियम लावणे अन्यायाचे होईल.

जे आपल्याच फायद्याचे आहे ते मात्र कायद्याची वाट न पाहता करावे. युरिया एकदम न फेकता दोन-तीन हप्त्यांत द्यावा, ओल असताना द्यावा, शक्य तेथे मातीआड करावा. ज्यांच्याकडे पाटाचे किंवा विहिरीचे पाणी आहे त्यांनी भातात सतत पाणी न तुंबवता मधूनमधून ते जमिनीखाली उतरू द्यावे. फुलोऱ्यात मात्र पाणी मोडू नये. याने मिथेन तिसऱ्या हिश्श्यापासून निम्म्यापर्यंत घटतो असे आढळले आहे. डोंगरउतारावर निव्वळ पावसावर भात घेणाऱ्यांच्या हाती हे फारसे नाही, त्यांनी उगीच मनाला लावून घेऊ नये. उसाचे पाचट आणि कपाशीच्या पऱ्हाट्या शेतात जाळू नयेत. पाचट सरीत आच्छादन म्हणून ठेवावे, पऱ्हाट्या बारीक करून कुजवाव्यात. गोबरगॅस असेल तर टाकी गळत नाही ना हे पाहावे, कारण गळणारी टाकी म्हणजे मिथेन मोकळा सोडणे. नीट चालणाऱ्या गोबरगॅसने चुलीचा धूर जातो आणि घरातल्या बाईचे डोळे व छाती वाचते, हा लाभ सर्वांत आधीचा.

शेवटची गोष्ट करारपत्रांची. "तुमच्या बांधावरच्या झाडांचे, तुमच्या भाताचे कार्बनचे पैसे मिळतील" असे सांगत माणसे गावोगाव फिरतात. सगळी लबाड नसतात. पण सही करण्यापूर्वी विचारावे : करार किती वर्षांचा? मोजणी कोण करणार आणि तिचा खर्च कोणाच्या वाट्यातून? मिळणाऱ्या रकमेतला आपला हिस्सा किती, आणि तो लेखी आहे का? मध्येच झाड वादळाने पडले, किंवा मुलीच्या लग्नासाठी तोडावे लागले, तर भरपाई कोण देणार? उतारा भावाभावांत सामाईक असेल तर एकट्याने अंगठा देऊ नये. इंग्रजी कागदावर तर मुळीच देऊ नये.

ज्यांच्याकडे असा कागद आलेला असेल त्यांनी तो येत्या रविवारी मिस्सानंतर सभागृहात आणावा. आपण तो ओळ न् ओळ एकत्र वाचू.